पवनचक्की चार एकरांची झाली, आपले प्रश्न मात्र तेवढेच राहिले

परवा हायवेवरून रात्री चाललेल्या पवनचक्कीच्या पात्याचा फोटो टाकला होता. लाइक पुष्कळ आले, पण दोन कमेंट डोक्यात राहिल्या. एकाने विचारलं, "भाऊ, एवढं मोठं कशाला लागतं?" दुसऱ्याने लिहिलं, "झालं, आता हे पण पाऊस पळवणार." दोन्हींची उत्तरं कमेंटमध्ये मावणारी नाहीत, म्हणून ही पोस्ट. लांब झाली आहे. सवडीने वाचा.

आधी पावसाचं बघू, कारण आपल्याकडे पवनचक्कीचा विषय निघाला की तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो.

पवनचक्क्या ढग पळवतात हे मी साताऱ्यापासून धुळ्यापर्यंत ऐकलेलं आहे. दुष्काळाच्या वर्षी तर हमखास. ज्याचं पीक डोळ्यादेखत जळतंय त्याने समोरच्या डोंगरावर फिरणाऱ्या यंत्राकडे संशयाने बघावं, यात मला नवल वाटत नाही. पण खरं काय ते सांगायला हवं. आजच्या जमिनीवरच्या मोठ्या पवनचक्कीचं टोक साधारण दोनशे-सव्वादोनशे मीटरवर जातं. मान्सूनचे बाष्प घेऊन येणारे वारे आणि पावसाचे ढग काही किलोमीटर जाडीचे असतात. पात्यामागे वारा थोडा मंदावतो, जमिनीलगतची हवा घुसळली जाते, रात्रीच्या तापमानात आसपास किंचित फरक पडतो, एवढं खरं. तालुक्याचा पाऊस पळवण्याची ताकद त्यात नाही.

मग मी हे का उकरून काढतोय? कारण या एका प्रश्नाने आपलं नुकसान केलंय. गावाने निवेदन द्यायचं, त्यात पहिला मुद्दा पावसाचा असायचा, समोरचा साहेब गालात हसायचा आणि निवेदनातले खालचे चार खरे मुद्देही त्या हसण्याबरोबर फायलीत जायचे. चुकीचा प्रश्न विचारला की समोरच्याला बरोबर प्रश्नांपासून सुटका मिळते. आता जुन्या चक्क्या काढून तिथे महाकाय चक्क्या बसवायचे दिवस येताहेत. तेव्हा तरी प्रश्न बरोबर असावेत.

आता पहिली कमेंट. एवढं मोठं कशाला?

वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून ज्या चक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच ३५० किलोवॉटच्या. पंख्याचा व्यास साधारण ३३ मीटर. पाती एक फेरा मारताना आभाळातली जेवढी जागा झाडून काढतात, ती भरते सुमारे साडेआठ गुंठे. आता सुझलॉनचंच नवं मॉडेल घ्या. ३.१५ मेगावॉट, व्यास १४४ मीटर. ही झाडून काढते चार एकर! एकेक पातं सत्तर मीटरचं, म्हणजे कुतुबमिनार आडवा केला तर त्याच्यापेक्षा जेमतेम दोन मीटर कमी. मनोरा १४० मीटरचा धरला तर वर गेलेल्या पात्याचं टोक २१२ मीटरवर पोचतं. स्टॅच्यू ऑफ युनिटीचा पुतळा १८२ मीटरचा आहे. समुद्रातल्या चक्क्या याच्याही पुढे गेल्या. चीनमध्ये २०२४ साली २६ मेगावॉटचं यंत्र कारखान्यातून बाहेर पडलं, व्यास ३१० मीटर. आपल्या हिशोबाने साडेअठरा एकर.

हे वेड नाही, यामागे साधा हिशोब आहे. पात्याची लांबी दुप्पट केली की वाऱ्याचं क्षेत्र चौपट होतं. शिवाय जेवढं उंच जावं तेवढा वारा जोरात आणि सलग मिळतो. वाऱ्याचा वेग नुसता सव्वापट झाला तरी त्यातली शक्ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून जिथे पूर्वी वारा 'परवडत' नव्हता अशा माळावरही आता चक्की परवडते. जुन्या नऊ चक्क्यांची क्षमता एका नव्या चक्कीत येते. नऊ पाये, नऊ रस्ते, नऊ ट्रान्सफॉर्मर यांच्या जागी एक. कागदावर यासारखी चांगली गोष्ट नाही.

पण याच गणिताची दुसरी बाजू आहे. लांबी दुप्पट केली की क्षेत्र चौपट, मात्र तीच वस्तू त्याच मापात वाढवली तर वजन आठपट. उत्पन्न येतं क्षेत्रावर आणि खर्च होतो वजनावर. म्हणजे नुसतं मोठं करत गेलं तर एक वेळ अशी येते की यंत्र स्वतःच्याच वजनाने तोट्यात जातं. इंजिनिअर लोकांची गेल्या तीस-चाळीस वर्षांची सगळी झटापट या आठपटीला खाली खेचण्याची आहे. त्यासाठी पातं आतून पोकळ केलं, काचेचे धागे आणि इपॉक्सी राळ वापरली, मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड घातलं, कणा कार्बनच्या धाग्यांचा केला. या बाल्साचीही एक गोष्ट आहे. ते मुख्यतः इक्वेडोरमधून येतं. २०२० च्या आसपास मागणी एवढी वाढली की तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात आदिवासींच्या भागात चोरटी तोड सुरू झाली. स्वच्छ विजेसाठी कोणाचं तरी जंगल गेलं.

आता त्या हलक्या केलेल्या पात्यावर काय काय येतं ते बघा. मिनिटाला दहा फेरे धरले तर वर्षाला बावन्न लाख फेरे होतात. बंद काळ वजा केला तरी वीस वर्षांत काही कोटी. प्रत्येक फेऱ्यात पातं एकदा एका बाजूला वाकतं, एकदा दुसऱ्या बाजूला. तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना आपण, तोच प्रकार फक्त कोटींच्या हिशोबात. वरच्या टोकाला वारा वेगळा आणि दीडशे मीटर खाली वेगळा, त्यामुळे ताण कधी सारखा राहत नाही. दहा फेरे म्हणजे संथ वाटतं, पण टोक ताशी २७० किलोमीटरने जात असतं. त्या वेगाने आषाढातला पाऊस पात्याच्या कडेवर बसतो तेव्हा थेंब थेंब कड खरवडून काढतो. वळवाची वीज पडते ती वेगळीच. त्यासाठी टोकापासून जमिनीपर्यंत तार घालावी लागते.

या सगळ्यात एक चूक किती महागात पडते, याचे दाखले जुने आहेत. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये १९४१ साली सव्वा मेगावॉटची चक्की उभी केली होती. त्या काळात एवढी मोठी जगात नव्हती. मार्च १९४५ मध्ये तिचं आठ टनांचं पातं तुटून लांब जाऊन पडलं आणि प्रकल्पच बंद झाला. जर्मनीने १९८३ मध्ये 'ग्रोवियान' नावाची १०० मीटर व्यासाची चक्की उभारली. ती सगळी मिळून जेमतेम चारशे-सव्वाचारशे तास चालली आणि १९८८ मध्ये उतरवली. डेन्मार्कने उलट केलं. लहानापासून सुरुवात, टप्प्याटप्प्याने मोठं, प्रत्येक टप्प्यावर काय मोडतंय ते बघून पुढे. तीच वाट टिकली.

आता पुन्हा घाई सुरू झाली आहे आणि पुन्हा तेच दिसतंय. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत नँटकेट बेटाजवळच्या समुद्रात एका चक्कीचं १०७ मीटरचं पातं मोडलं. फोम आणि फायबरचे तुकडे किनाऱ्यावर वाहून आले, ऐन हंगामात किनारे बंद ठेवावे लागले. कारण निघालं कारखान्यात नीट न चिकटवलेला सांधा. बेटाच्या प्रशासनाने पाठ सोडली नाही आणि वर्षभराने कंपनीने १ कोटी ५ लाख डॉलर भरपाई मान्य केली, आपले सुमारे नव्वद कोटी रुपये. सीमेन्स गमेसाच्या जमिनीवरच्या नव्या मोठ्या मॉडेलांत २०२३ मध्ये पात्यांत सुरकुत्या आणि बेअरिंगमध्ये दोष सापडले. त्या वर्षी मूळ कंपनी सीमेन्स एनर्जीचा तोटा ४६० कोटी युरोंवर गेला आणि जर्मन सरकारला हमी देऊन उभं राहावं लागलं. जगातल्या जुन्या, अनुभवी कंपन्यांची ही गत आहे. मग आपल्या माळावर येणारं यंत्र किती वर्षं, कुठे, कसं तपासलंय हे विचारणं अडाणीपणाचं कसं होईल?

बरं, पातं तयार झालं. ते इथे आणायचं कसं? फोटोतला ट्रेलर तुम्ही पाहिलाच. सत्तर मीटरचं पातं एका तुकड्यातच यावं लागतं. मनोऱ्याची नळकांडी सव्वाचार-साडेचार मीटरपेक्षा जाड केली तर पुलाखालून जात नाहीत. म्हणून काही ठिकाणी खाली लोखंडी जाळीचा सांगाडा आणि वर नळकांडं अशी जोड काढली आहे. हायवेपर्यंत सगळं ठीक. पुढे जिल्हा परिषदेचा रस्ता, मग गावचा रस्ता, मग पाणंद. वळण मोठं करायला बांध जातो, झाड जातं, विजेच्या तारा वर कराव्या लागतात, आणि क्रेनचे सुटे भाग घेऊन येणाऱ्या गाड्यांखाली मोऱ्या दबतात. एका गावात मी स्वतः पाहिलं, चक्की फिरायला लागली आणि शाळेच्या पोरांचा रस्ता मात्र दोन पावसाळे चिखलात राहिला. दुरुस्तीचं तोंडी ठरलं होतं. तोंडी ठरलेलं कुठे सापडतं?

आता डोंगरावर येऊ. सज्जनगडावरून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या सड्यावर गेलात तर उन्हाळ्यात खडकावर एक सरडा दिसेल. नराच्या गळ्याला पंखा असतो, निळा, काळा, नारिंगी. तो उघडून दाखवतो तेव्हा बघत राहावं. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी नवी प्रजाती-कुळी नोंदवली, आणि तिचं शास्त्रीय नावच ठेवलं 'सरडा'. आपला मराठी शब्द. चाळकेवाडीचा तो 'सरडा सुपर्बा'.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी आणि त्यांचे हल्ले जवळजवळ चारपट कमी आढळले. घारी, ससाण्यांसारखे पक्षी तिथून बाजूला झाले, म्हणून सरडे वाढले. वाढले म्हणजे मजा झाली असं नाही. गर्दी झाली, खाणं वाटलं गेलं, अंगाने बारीक झाले, नरांचे रंग फिके पडले. शत्रू नाही म्हणून बेफिकीरही झाले, माणूस अगदी जवळ येईपर्यंत हलत नाहीत. म्हणजे चक्कीला धडकून किती पक्षी मेले एवढंच मोजून भागत नाही. वरचा पक्षी हलला की खालचं सगळं घर हलतं. आणि हे जगाला सांगणारा पुरावा आपल्या साताऱ्याच्या सड्यावरून गेला, जिथे आपण फक्त सेल्फी काढायला जातो.

मोठ्या चक्क्यांनी हे सुधारेल की बिघडेल? दोन्ही होऊ शकतं. संख्या कमी झाली, रस्ते कमी झाले, तर सड्याला श्वास मिळेल. पण पात्याचं टोक आता ज्या उंचीवर जातं, तिथून वेगळे पक्षी जातात. काही उपाय स्वस्त आहेत. नॉर्वेत स्मोला बेटावर चार चक्क्यांचं प्रत्येकी एक पातं काळं रंगवलं, तर पक्षी मरायचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून जास्त घटलं. प्रयोग लहान होता, पण करून बघायला काय हरकत आहे? वटवाघळं मंद वाऱ्याच्या रात्री जास्त मरतात, त्या वेळी चक्की थोडी उशिरा सुरू केली तर फरक पडतो. आणि चक्कीएवढीच तिची तारही मारते. नान्नजच्या माळढोकाचं काय झालं ते सोलापूरकरांना विचारा. माळढोकासाठी देशभर जे धोके मोजले जातात, त्यांत उघड्या वीजवाहिन्या अगदी वर आहेत. राजस्थान-गुजरातच्या माळढोकांसाठी तर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं.

पक्षी झाले, माणसांचं बोलू. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको, आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून. आकडा लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. पण तो सगळ्यांना एकच आहे, चक्की लहान असो की २१२ मीटरची. सूर्य उगवल्यावर किंवा मावळायला आला की २१२ मीटरची सावली सहज किलोमीटरभर जाते, आणि ती फिरती सावली असते. घरात उजेड-अंधार, उजेड-अंधार. वर्षातले ठरावीक दिवस, ठरावीक वेळ. कोणत्या घरावर कधी पडेल याचा हिशोब आधी करता येतो आणि तेवढा वेळ यंत्र थांबवताही येतं. फक्त कोणीतरी मागायला हवं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. म्हातारी झाल्यावर काय? चक्कीचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षं धरतात. आपल्या पठारावरच्या पहिल्या चक्क्यांची ती वर्षं भरली. त्यांतल्या कित्येकांचे मालक असे, ज्यांनी त्या वेळची घसाऱ्याची करसवलत बघून पैसे गुंतवले. विजेत त्यांना किती रस होता कोणास ठाऊक. काढायची वेळ आली की पोलाद, तांबं विकलं जातं, वजनाने बहुतेक चक्की भंगारात जातेच. पात्याचं तसं नाही. मी एका भंगारवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, फुकट दिलं तरी नेणार नाही. कापायला खर्च, कापताना काचेची पूड अंगाला, आणि विकायचं कुणाला?" दोन वाक्यांत सगळा विषय झाला. इपॉक्सी राळ एकदा घट्ट झाली की वितळत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला पाती कापून कचरा डेपोत पुरली. जर्मनीत सिमेंटच्या भट्टीत वापरतात. राळ विरघळवून धागे वेगळे करण्याच्या पद्धती आता निघाल्या आहेत, पण त्या नव्या पात्यांसाठी मुख्यतः. सत्तर मीटरचं एक पातं वीसेक टनांच्या घरात जातं. ते उद्या बांधावर पडलं तर उचलणार कोण?

हे सगळं विचारायचं कुठे, हाही प्रश्नच आहे. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत पवनऊर्जा बसत नाही, म्हणजे जनसुनावणी नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिला 'पांढऱ्या' वर्गात टाकलं, सर्वात निरुपद्रवी. साडेआठ गुंठ्यांच्या चक्कीला ते शोभलंही असेल. २०२३ मध्ये जुन्या चक्क्यांच्या जागी नव्या बसवायचं केंद्राचं नवं धोरण आलं. म्हणजे चक्क्या येणार. अशा वेळी आपल्या हातात उरतात दोनच कागद, शेतकऱ्याचा करार आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. सही करण्याआधी एवढं तरी विचारा:

१. घरापासून नेमकं अंतर किती? मोजून, गटनंबरासह नकाशावर दाखवा.
२. फिरत्या सावलीचा हिशोब केलाय का? कोणती घरं, किती तास?
३. रस्ता, मोरी, पाणंद कोण दुरुस्त करणार, किती दिवसांत? लेखी.
४. तारा कुठून जाणार? खांबांचा मोबदला वेगळा आहे का?
५. मुदत संपल्यावर चक्की, पाती आणि पाया कोण काढणार? त्यासाठी बँक गॅरंटी आहे का? कंपनी विकली गेली तर नवा मालक बांधील राहील का?
६. करार मराठीत आहे का, आणि घरी नेऊन वाचायला मिळेल का?

मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. कोळशाची राख कुठे पडते हे परळी आणि चंद्रपूरच्या लोकांना विचारलं की कळतं. वाऱ्यापासून वीज हवीच, आणि मोठ्या चक्कीने ती कमी जागेत मिळत असेल तर चांगलंच आहे. फक्त यंत्राचा आकार एकोणीसपट वाढला आणि आपला करार जुन्याच दोन पानांचा राहिला, हे चालणार नाही. नँटकेटच्या लोकांनी भरपाई मिळवली ती किनाऱ्यावर काय येऊन पडलं हे गोळा करून, मोजून, मागून. आपणही मोजून मागायला शिकू.

ज्यांच्या गावात सध्या बोलणी चालू आहेत, त्यांनी मसुद्याची प्रत मागून घ्या. मिळाली तर मेसेज करा. एखाद्या रविवारी वकील मित्राला घेऊन गावातच बसू आणि ओळ न् ओळ वाचू. प्रत द्यायला कोणी नकार दिला तर तेही कळवा, ती बातमी आहे.